कोल्हापूर ते मुंबई : आकाशमार्गाचें अंतर आणि प्रवासाचा वेळ

अंतर आणि वेळ हीं दोन मापें आपल्या नित्याच्या बोलण्यांत इतकीं मिसळून गेलीं आहेत कीं, एकाविषयीं प्रश्न केला असतां उत्तर बहुधा दुसऱ्याचें मिळतें. ‘मुंबई येथून किती लांब?’ असें कोल्हापुरांत कोणासहि विचारून पाहावें. आगगाडीनें जाणारा म्हणेल, ‘एका रात्रीवर’. बसनें जाणारा म्हणेल, ‘आठ-नऊ तासांवर’. आणि विमानानें जाणारा म्हणेल, ‘तासाभरावर’. तिघेहि खरेंच बोलतात. परंतु तिघांपैकीं एकानेंहि अंतर सांगितलेलें नाहीं. प्रत्येकानें वेळ सांगितला, आणि तोहि आपापल्या वाहनाचा.

विद्यार्थिमित्रहो, प्रस्तुत लेखांत आपण या एकाच साध्या प्रश्नाचा नीट विचार करूं. कोल्हापूर व मुंबई यांमधील आकाशमार्गाचें अंतर किती, तें घरीं बसून कसें काढावें, तेवढें अंतर तोडण्यास विमानास वेळ किती लागतो, आणि त्या वेळापैकीं खरोखर वांचतो किती, हे त्याचे चार भाग होत. यासाठीं शालेय भूगोल व गणित एवढी सामग्री पुरेशी आहे. पालकवर्गासहि हा विषय उपयोगी वाटेल अशी आशा आहे. घरचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयांत न्यावयाचा असतो, किंवा मुलास ठराविक वाजतां परीक्षेस वा मुलाखतीस हजर व्हावयाचें असतें, तेव्हां कोणत्या वाहनानें निघावें हा निर्णय ऐकीव गोष्टींवर सोडून चालत नाहीं. तेथें हिशेब चुकला तर त्याचें मोल पैशांनीं भरून येत नाहीं.

सरळ रेषेचें अंतर

पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाणाचा पत्ता अक्षांश व रेखांश या दोन आंकड्यांनीं सांगतां येतो, हें आपण भूगोलांत शिकलों आहों. कोल्हापूरचा विमानतळ शहराच्या आग्नेयेस सुमारें ९ किलोमीटरांवर उजळाईवाडीच्या माळावर आहे. त्याचे अक्षांश सुमारें १६ अंश ४० कला उत्तर व रेखांश ७४ अंश १७ कला पूर्व आहेत. मुंबईच्या सांताक्रूझ-सहार येथील विमानतळाचे अक्षांश १९ अंश ५ कला उत्तर व रेखांश ७२ अंश ५२ कला पूर्व आहेत. साठ कलांचा एक अंश होतो, हें ध्यानांत ठेवावें.

आतां वजाबाकी करूं. अक्षांशांतील फरक २ अंश २५ कला, म्हणजे १४५ कला. रेखांशांतील फरक १ अंश २५ कला, म्हणजे ८५ कला.

येथें खलाशी व वैमानिक यांचें एक सोयीचें माप कामास येतें. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक कला सरकलें असतां जें अंतर होतें, त्यास सागरी मैल म्हणतात. त्याची लांबी १,८५२ मीटर ठरविलेली आहे. म्हणून मुंबई कोल्हापूरच्या उत्तरेस १४५ सागरी मैल आहे, हें विशेष आकडेमोड न करतांच समजलें.

पूर्व-पश्चिम अंतराविषयीं मात्र थोडी सावधगिरी हवी. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तापाशीं एकमेकींपासून सर्वांत दूर असतात व ध्रुवांकडे जातां जातां जवळ येत येत अखेरीस एका बिंदूंत मिळतात. संत्र्याच्या फोडी मध्यें रुंद व टोंकांस निमुळत्या असतात, तसाच हा प्रकार आहे. यामुळें आपल्या अक्षांशावर रेखांशाची एक कला पुऱ्या सागरी मैलाएवढी भरत नाहीं. ती त्याच्या सुमारें ०.९५ पट भरते. त्रिकोणमिति शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं हें ताडून पाहावें : दोन्ही ठिकाणांच्या मधला अक्षांश सुमारें १७ अंश ५२ कला आहे, आणि त्या कोनाची कोज्या ०.९५ येते. ८५ ला ०.९५ नें गुणलें म्हणजे जवळ जवळ ८१ सागरी मैल होतात.

आतां आपल्यापाशीं एक काटकोन त्रिकोण तयार झाला. त्याची एक बाजू १४५ व दुसरी ८१. आपणांस हवा आहे तो कर्ण. १४५ चा वर्ग २१,०२५, ८१ चा वर्ग ६,५६१, बेरीज २७,५८६, आणि तिचें वर्गमूळ सुमारें १६६. म्हणजे कोल्हापूर ते मुंबई हें सरळ अंतर १६६ सागरी मैल होतें. त्यास १.८५२ नें गुणलें असतां सुमारें ३०८ किलोमीटर, अथवा जुन्या हिशेबानें १९१ मैल, असें उत्तर मिळतें. मोठमोठ्या यंत्रांनीं काढलेलें उत्तरहि याहून निराळें नाहीं. भूमितीच्या तासास ‘याचा उपयोग काय?’ असें मनांत म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण एकदां स्वतः करून पाहावें.

ही रेषा कोणत्या मुलुखावरून जाते

भिंतीवरील महाराष्ट्राच्या नकाशावर उजळाईवाडी व सांताक्रूझ या दोन ठिकाणीं पट्टी टेकवून रेषा काढली, तर ती वायव्येकडे जाऊं लागते. पन्हाळा तिच्या डावीकडे राहतो. पुढें ती पाटणच्या जवळून जाते, प्रतापगडापाशीं सह्याद्रीचा माथा ओलांडते, महाडच्या आसपास कोंकणांत उतरते, आणि पेणजवळून मुंबईचें बंदर ओलांडून शहरांत शिरते. प्रत्यक्ष विमान नियंत्रकांनीं नेमून दिलेल्या वाटेनें जातें, तेव्हां तें या रेषेच्या थोडें इकडे-तिकडे होतें. परंतु जो मुलूख पायीं तुडवितांना मावळ्यांची छाती भरून येत असे, तो मुलूख या रेषेवर कांहीं मिनिटांत मागें पडतो.

जमिनीवरील वाटांस असें सरळ जातां येत नाहीं. कोल्हापूर सह्याद्रीच्या पूर्वेस व मुंबई पश्चिमेस. मध्यें डोंगराची भिंत. म्हणून हमरस्ता डोंगराच्या पूर्वेकडून कराड, सातारा, खंबाटकीचा घाट व पुणें असा उत्तरेस जातो, आणि मग खंडाळ्याजवळ घाट उतरून कोंकणांत येतो. हें अंतर सुमारें ३७८ किलोमीटर भरतें. आगगाडीची वाट याहूनहि वळणाची. कोल्हापूरची गाडी प्रथम पूर्वेस मिरजेस जाते व तेथून उत्तरेस वळते. मिरज-कोल्हापूर हा फांटा १८९१ सालीं, छत्रपति शाहू महाराजांच्या काळांत, संस्थानच्या खर्चानें सुरू झाला. पुढें बहुत वर्षें पुण्यापासून इकडील रूळ अरुंद असल्यामुळें उतारूंस पुण्यास गाडी बदलावी लागे. १९७१ च्या सुमारास रूळ रुंद झाले आणि ती अडचण दूर झाली. या लोहमार्गानें मुंबई ५१८ किलोमीटर पडते.

तिन्ही आंकडे एकापुढें एक मांडून पाहूं : आकाशमार्गानें ३०८, रस्त्यानें ३७८, लोहमार्गानें ५१८. म्हणजे रस्ता सरळ रेषेच्या सुमारें सव्वापट व लोहमार्ग पावणेदोनपट लांब आहे. विमानाचा पहिला लाभ त्याच्या वेगाचा नसून वळसा टाळण्याचा आहे. पूर्वी बैलगाडीनें दिवसास फार तर तीस किलोमीटरांची मजल होई. त्या हिशेबानें मुंबई गांठण्यास बारा-तेरा दिवस लागत.

वेग दिसतो तेवढा कां भरत नाहीं

अंतरास वेगानें भागलें म्हणजे वेळ मिळतो, हा नियम सर्वांस पाठ आहे. लहान पल्ल्यावर चालणारें पंख्याचें विमान ताशीं सुमारें ५१० किलोमीटर वेगानें उडतें. ३०८ ला ५१० नें भागलें तर ३६ मिनिटें येतात. परंतु वेळापत्रकांत पाहावें तर तेथें सुमारें एक तास दिलेला असतो. मग उरलेलीं चोवीस मिनिटें गेलीं कोठें?

याचें उत्तर असें कीं, ताशीं ५१० हा विमानाचा पूर्ण उंचीवरील वेग आहे. सर्व प्रवासाचा तो वेग नव्हे. समजुतीसाठीं प्रवासाचे भाग पाडूं. विमान तळावरून हळू हळू चालत धांवपट्टीच्या टोंकास जातें, आणि उतरल्यावर पुन्हां थांब्यापर्यंत चालत येतें. या दोहोंचीं मिळून पंधरा मिनिटें धरूं. उड्डाणानंतर चढण्यास पंधरा मिनिटें, ताशीं ३६० किलोमीटरच्या सरासरीनें. त्यांत ९० किलोमीटर तुटले. उतरण्यास तशींच पंधरा मिनिटें. आणखी ९० किलोमीटर तुटले. राहिले १२८ किलोमीटर. ते पूर्ण वेगानें तोडण्यास पंधरा मिनिटें लागतात. एकूण साठ मिनिटें झालीं, आणि सबंध प्रवासाची सरासरी ताशीं ३०८ किलोमीटर पडली.

आतां कोणी म्हणेल, ‘अधिक वेगाचें जेट विमान आणा, म्हणजे वेळ निम्मा होईल.’ तसें होत नाहीं. मधल्या १२८ किलोमीटरांत वेग ५१० ऐवजीं ८०० केला, तर पंधरा मिनिटांऐवजीं साडेनऊ लागतील. वांचलीं सुमारें साडेपांच मिनिटें. चढणें, उतरणें व तळावरील चालणें यांचा वेळ फारसा घटत नाहीं. पल्ला जितका लहान, तितका वेगाचा लाभ कमी, हा नियम येथें स्पष्ट दिसतो. मुंबई ते न्यूयॉर्क अशा दीर्घ प्रवासांत मात्र तोच वाढीव वेग तासांचे तास वांचवितो.

वाऱ्याचाहि विचार केला पाहिजे. विमान हवेंत उडतें, आणि हवा स्वतः वाहत असते. समोरून ताशीं ५० किलोमीटरचा वारा असेल तर विमानाचा जमिनीवरील वेग ५१० चा ४६० होतो व ३०८ किलोमीटरांस ४० मिनिटें लागतात. परत येतांना तोच वारा पाठीशीं असतो. वेग ५६० होतो व वेळ ३३ मिनिटें. जातांना गमावलेलें येतांना पुरतें परत मिळतें काय? दोन्हींची बेरीज ७३ मिनिटें आणि थोडें अधिक होते. वारा नसतां ती ७२ मिनिटें व थोडें अधिक झाली असती. तोटा सुमारें पाऊण मिनिटाचा, पण तोटाच. कारण प्रतिकूल वाऱ्यांत आपण अधिक वेळ राहतों व अनुकूल वाऱ्यांत कमी वेळ. ही गोष्ट नदींतील नावेच्या उदाहरणांत आपण पूर्वीं पाहिली आहेच.

उजळाईवाडीचा माळ समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आहे, हीहि एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट होय. उंचावर व उन्हाळ्यांत हवा विरळ असते. विरळ हवा पंखांस कमी आधार देते. म्हणून विमानास उडण्यापूर्वीं अधिक लांब धांवावें लागतें. येथील धांवपट्टी पूर्वीं १,३७० मीटर होती, ती पुढें वाढवून १,९३० मीटर करण्यांत आली, त्यामुळें पूर्वीपेक्षां मोठीं विमानें येथें उतरूं शकतात.

आपल्या विमानतळाचा थोडासा इतिहास

भारतांत विमानानें टपाल नेण्याचा पहिला प्रसंग १८ फेब्रुवारी १९११ रोजीं घडला. फ्रेंच वैमानिक हेन्री पेके यानें सुमारें साडेसहा हजार पत्रें अलाहाबादेहून नैनी येथें नेलीं. अंतर सुमारें सहा मैल, वेळ तेरा मिनिटें. म्हणजे वेग ताशीं सुमारें २८ मैल झाला. आज रस्त्यावरील मोटारसायकलहि त्याहून वेगानें जाते. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपालाचें विमान आणिलें, आणि भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. त्यांचें तें लहानसें विमान ताशीं सुमारें १०० मैलांच्या वेगाचें होतें. त्या विमानानें कोल्हापूर-मुंबई हा १९१ मैलांचा पल्ला दोन तासांच्या आंत तोडतां आला असता.

यानंतर सातच वर्षांनीं, १९३९ सालीं, छत्रपति राजाराम महाराजांनीं कोल्हापुरास विमानतळ दिला. त्या काळीं देशांतील पुष्कळ मोठ्या शहरांसहि विमानतळ नव्हता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दूरदृष्टीची किंमत कळते. मध्यंतरीं कित्येक वर्षें येथील नियमित सेवा बंदच होती. केंद्र सरकारनें २०१६ सालीं लहान शहरांसाठीं ‘उडान’ योजना जाहीर केली. तींत सुमारें एका तासाच्या प्रवासासाठीं निम्म्या आसनांचें भाडें आरंभीं २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित केलें होतें. या योजनेखालीं २०१८ सालीं कोल्हापूर-मुंबई सेवा सुरू झाली. ती मधून मधून खंडित झाली व पुन्हां सुरू झाली. १० मार्च २०२४ रोजीं विमानतळाच्या नव्या इमारतीचें उद्घाटन झालें.

दारापासून दारापर्यंत

येथवर आपण विमानतळापासून विमानतळापर्यंतचा हिशेब केला. परंतु कोणीहि मनुष्य विमानतळावर राहत नाहीं. खरा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो व जेथें काम आहे तेथल्या उंबऱ्याशीं संपतो. म्हणून पालकांनीं पुढील हिशेब पाहावा.

कोल्हापुरांतील घरापासून उजळाईवाडीपर्यंत अर्धा तास. विमान सुटण्यापूर्वीं तपासणीसाठीं दीड तास आधीं हजेरी. विमानाचा एक तास. मुंबईस सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. आणि तेथून परळपर्यंत शहराच्या गर्दींतून एक तास. एकूण साडेचार तास झाले. ३०८ किलोमीटरांस साडेचारांनीं भागलें तर ताशीं ६८ किलोमीटर ही सरासरी येते. आकाशांतील पांचशें दहाचे दारापाशीं अडुसष्ट झाले!

बसचा प्रवास साडेआठ तास धरला, तर त्याच सरळ अंतरावर ताशीं ३६ किलोमीटर पडतात. आगगाडीचे सुमारें अकरा तास व दोन्ही टोंकांस मिळून एक तास, असे बारा तास धरले, तर ताशीं सुमारें २६. म्हणजे विमान बसच्या दुपटीहूनहि थोडें कमीच वेगवान ठरतें. एवढ्या वेगाच्या यंत्राचा लाभ एवढाच निघावा याचें आश्चर्य वाटेल. परंतु साडेचार तासांपैकीं साडेतीन तास आपण विमानांत नसतोंच, हें त्याचें कारण होय. प्रवास लवकर व्हावा असें वाटत असेल, तर विमानाचा वेग वाढविण्यापेक्षां रस्त्यांवरील गर्दी व तपासणींतील खोळंबा कमी करण्यानें अधिक साधेल.

आगगाडीच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिचे बारा तास रात्रींचे असतात. रात्रीं बर्थवर झोंप घेऊन सकाळीं मुंबईस उतरणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवसाचा एकहि तास खर्च होत नाहीं, आणि भाडेंहि थोडें पडतें. उलट, बसल्या जागीं ज्याच्यानें बारा तास काढवत नाहींत अशा रुग्णास साडेचार तासांचें मोल फार मोठें. सारांश, ‘सर्वांत जलद वाहन कोणतें?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणास, कशासाठीं, व दिवसाच्या कोणत्या वेळीं?’ हे तीन प्रश्न त्यास जोडल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं.

वाटा बंद होतात तेव्हां

आतां एका गंभीर गोष्टीकडे वळूं. ऑगस्ट २०१९ मधील महापूर कोल्हापूरकरांच्या स्मरणांतून कधींहि जाणार नाहीं. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे; त्या वर्षीं पाणी ५५ फुटांच्याहि वर गेलें. शिरोलीजवळ हमरस्ता पाण्याखालीं गेला व कित्येक दिवस बंद राहिला. आगगाड्यांची वाहतूकहि थांबली. दूध, औषधें, इंधन यांच्या गाड्या अडून राहिल्या. जुलै २०२१ मध्यें पुन्हां तीच स्थिति आली.

अशा दिवशीं मुंबई किती लांब? नकाशावरील ३७८ किलोमीटर तसेच होते, परंतु ते चालून जातां येत नव्हते. अंतराचा आंकडा वाट मोकळी असली तरच खरा, ही गोष्ट पुरानें शिकविली. आकाशांतील रेषेस नदी आडवी येत नाहीं. उजळाईवाडीचा माळ नदीच्या पात्राहून बराच उंच आहे, आणि शहरांतून तेथें जाण्यास पंचगंगा ओलांडावी लागत नाहीं. अर्थात् दाट पावसांत व ढगांत विमानासहि अडचण असते. तें सर्व काळ उडूं शकतें असा समज करून घेऊं नये. तरीपण दोन वाटा बंद पडल्या असतां तिसरी शिल्लक असणें ही गांवाच्या संरक्षणाची बाब आहे. म्हणून विमानतळाचें महत्त्व रोजचीं मिनिटें वांचविण्यांत जितकें आहे, त्याहून अधिक संकटाच्या दिवशीं वाट राखून ठेवण्यांत आहे, असें म्हणावें लागतें. ज्या गांवास एकच वाट असते, तें गांव जवळ असूनहि दूर असतें.

घड्याळांचा फरक

प्रवासाचा वेळ मोजतांना दोन्ही गांवांचीं घड्याळें सारखीं आहेत कीं नाहींत, हें पाहावें लागतें. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणून एका अंशास चार मिनिटें पडतात. कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेस ८५ कला असल्यामुळें येथें सूर्य माथ्यावर येतो तो मुंबईच्या ५ मिनिटें ४० सेकंद आधीं. आज सर्व देशाचें घड्याळ ८२ अंश ३० कला या रेखांशावर लावलेलें असल्यानें हा फरक आपणांस जाणवत नाहीं. परंतु मुंबई शहरानें आपली स्वतंत्र वेळ पुष्कळ वर्षें सोडली नव्हती. देशाची सामान्य वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली असतांहि, मुंबईची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत चालू होती. ती सामान्य वेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. त्या दिवसांत कोणी आपल्या घड्याळावरून निघाला आणि मुंबईच्या मनोऱ्यावरील घड्याळ पाहून पोंचण्याची वेळ टिपून घेऊं लागला, तर त्याचा हिशेब ३९ मिनिटांनीं चुकला असता.

गोलावरील रेषा

कोल्हापूर-मुंबई एवढ्या लहान पल्ल्यास सपाट नकाशा चालतो. दूरच्या पल्ल्यास तो फसवितो. आपल्यापैकीं कित्येकांचे नातलग अमेरिकेंत आहेत. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट कोणती? सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर ती अरबस्तान, आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून गेलेली दिसते. आतां वर्गांतील पृथ्वीचा गोल घ्या व दोन्ही शहरांमध्यें एक दोरा ताणून धरा. तो दोरा उत्तरेकडे चढत चढत ६४ व्या अक्षांशाच्याहि पलीकडे, नॉर्वे व आइसलंड यांच्या मधील समुद्रापर्यंत जातो, आणि मग खालीं वळतो. हीच महावृत्ताची वाट. तिची लांबी सुमारें साडेबारा हजार किलोमीटर आहे. सपाट नकाशावरील ‘सरळ’ वाट तिच्याहून दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांब पडते.

मात्र प्रत्येक देशाचें आकाश त्या त्या देशाच्या मालकीचें असतें. पाकिस्ताननें २०१९ सालीं फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आपलें आकाश बंद ठेविलें होतें, तेव्हां दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांस मोठा वळसा घ्यावा लागला. वेळ वाढला, इंधन वाढलें, भाडें वाढलें. जमिनीवर डोंगर व नद्या वाट अडवितात. आकाशांत मनुष्यांचीं भांडणें वाट अडवितात, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

विद्यार्थ्यांसाठीं उदाहरणें

१. हैदराबादचा विमानतळ १७ अंश १४ कला उत्तर व ७८ अंश २६ कला पूर्व येथें आहे. कोल्हापूरपासून त्याचें सरळ अंतर काढा. रेखांशाच्या कलांस ०.९५७ नें गुणावें. (उत्तर : सुमारें ४४६ किलोमीटर.)

२. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्यें झालें. तो १८ अंश ५९ कला उत्तर व ७३ अंश ४ कला पूर्व येथें आहे. कोल्हापूरहून तो सांताक्रूझपेक्षां किती जवळ? रेखांशाच्या कलांस ०.९५ नें गुणावें. (उत्तर : अंतर सुमारें २८८ किलोमीटर, म्हणजे सुमारें २० किलोमीटरनीं जवळ.)

३. मुंबईस विमानांची गर्दी असल्यामुळें एका विमानास २० मिनिटें घिरट्या घालाव्या लागल्या, व एका तासाचा प्रवास ८० मिनिटांचा झाला. ३०८ किलोमीटरांवर सरासरी वेग किती पडला? (उत्तर : ताशीं २३१ किलोमीटर.)

४. आपल्या घरांतील कोणाहि वडील माणसानें केलेला मुंबईचा शेवटचा प्रवास दारापासून दारापर्यंत किती तासांचा झाला, हें विचारून घ्या. ३०८ ला त्या तासांनीं भागा. वर्गांतील सर्वांचीं उत्तरें एकत्र करून कोणतें वाहन कोणत्या कामास उत्तम ठरलें, याचा तक्ता तयार करा. या उदाहरणाचें उत्तर पुस्तकांत मिळणार नाहीं. तें तुम्हींच काढावयाचें आहे.

उपसंहार

अंतर ही पृथ्वीची गोष्ट आहे. ती बदलत नाहीं. राजाराम महाराजांच्या काळींहि मुंबई ३०८ किलोमीटर होती व आजहि तेवढीच आहे. वेळ ही मनुष्याची गोष्ट आहे. रस्ते, रूळ, धांवपट्ट्या व व्यवस्था यांनीं तो कमी-अधिक होतो. वेगाचा मोठा आंकडा ऐकून दिपून जाऊं नये. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा सबंध हिशेब मांडावा व मग निर्णय घ्यावा. आणि असा हिशेब मांडण्यास एक पट्टी, एक नकाशा व थोडी चिकाटी यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.